रेकॉर्डवर काही लावण्याआधी

जानेवारीतल्या एका कोरड्या दुपारी बाबांच्या संग्रहातली एक एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, मी कागदी पाकिटातून बाहेर काढली, तेव्हा मनगटावरची लव ताठ उभी राहिली आणि पाकीट रेकॉर्डला इतके बिलगून आले की ते सोडवताना बारीक चटचट ऐकू आली. रेकॉर्ड खिडकीतल्या उन्हात तिरकी धरली. कपाटाच्या कडेवर पडलेला सुताचा एक पांढरा तंतू दोन बोटांच्या अंतरावरून उडून तिच्यावर बसला. फुंकर मारली तर त्याचे एक टोक नुसते उभे राहिले, दुसरे चिकटलेलेच राहिले. सुई टेकवली तेव्हा कुमार गंधर्वांचा पहिला स्वर येण्याआधीच फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला, आणि ती तडतड बाजू संपेपर्यंत सुटली नाही.

हीच रेकॉर्ड जुलैमध्ये निमूट वाजते. माझ्या खोलीतला आर्द्रतामापक पावसाळ्यात ८५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान रेंगाळतो, आणि थंडीत पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की दुपारी तो तिशीच्या घरात उतरतो. आमचे घर घोडबंदर रस्त्यालगत आहे. इमारतींची बांधकामे, मेट्रोचे काम आणि अखंड वाहतूक यांमुळे खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलेल्या जागी संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. कोरडी हवा आणि सिमेंटची धूळ यांची गाठ पडते ते डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने रेकॉर्ड ऐकणाऱ्या ठाणेकरांनी सर्वांत जपायचे असतात.

बाबांनी नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, पगारातून थोडे थोडे बाजूला काढून, सुमारे दोनशे रेकॉर्डी जमवल्या. त्या आता माझ्याकडे आहेत. माझी स्वतःची नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंग कारखान्यात झाली आणि तिथे मी २६ वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले. प्लास्टिकच्या फिल्मवर छपाई करणाऱ्या यंत्रावर स्टॅटिक म्हणजे स्थिर विद्युत हा रोजचा विषय असतो. रोल वेगाने उलगडताना फिल्मवर हजारो व्होल्टचा विद्युतभार साचतो, धूळ ओढली जाते, छपाईत पांढरे ठिपके पडतात, आणि सॉल्व्हंटच्या शाईजवळ ठिणगी पडली तर आग लागते. त्यामुळे रेकॉर्डवरचे स्टॅटिक घालवण्यासाठी तऱ्हेतऱ्हेचे फवारे, पॉलिश आणि घरगुती मिश्रणे सुचवली जातात तेव्हा मला कारखान्यातला अनुभव आठवतो, आणि रेकॉर्डवर काहीही लावण्याआधी काही गोष्टी समजून घ्याव्यात असे कळकळीने सांगावेसे वाटते.

पहिली गोष्ट अशी की स्टॅटिक आणि झीज ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच बाटलीने दोन्ही बरी होतील अशी अपेक्षा धरली की बहुधा रेकॉर्डचे नुकसान होते. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे धूळ. स्टॅटिक धूळ ओढून आणते आणि सुई तीच धूळ आवाज कोरलेल्या खाचेच्या भिंतीवर घासत नेते. दुवा तोडला तर दोन्ही दुखणी एकदम सौम्य होतात, आणि तो तोडण्यासाठी रेकॉर्डवर काही चढवावे लागत नाही, जे चढलेले आहे ते उतरवावे लागते.

एलपी १९४८ साली आली ती पीव्हीसीवर आधारलेल्या प्लास्टिकची. पीव्हीसी विजेचा फार मोठा रोधक आहे आणि दुसऱ्या वस्तूशी घासला किंवा तिच्यापासून सुटा झाला की तो ऋण भार धरतो. लोकर आणि आपली त्वचा या बाबतीत जवळजवळ विरुद्ध टोकाला आहेत, आणि कागदही पीव्हीसीपासून बराच दूर आहे. म्हणजे कागदी पाकिटातून रेकॉर्ड ओढून काढणे, प्लेअरच्या फिरत्या चकतीवर अंथरलेल्या लोकरी फेल्टच्या मॅटवरून ती उचलणे आणि कोरड्या फडक्याने ती पुसणे या तीनही नित्याच्या कृती भार निर्माण करणाऱ्या आहेत. थंडीत रेकॉर्ड उचलताना फेल्टची मॅटही तिच्याबरोबर वर आलेली अनेकांनी पाहिली असेल. त्यातही कोरड्या फडक्याने पुसणे सर्वांत वाईट, कारण माणूस धूळ काढायला जातो आणि उलट नव्या धुळीला निमंत्रण देतो. रेकॉर्डचा काळा रंग कार्बन ब्लॅकमुळे असतो हे खरे, परंतु त्याचे प्रमाण इतके अल्प असते की त्यातून वीज वाहून जात नाही. भार जिथे निर्माण झाला तिथेच, ठिगळाठिगळांनी, बसून राहतो. म्हणूनच रेकॉर्डची कड नळाला टेकवली किंवा मधल्या छिद्राला तार लावली तर काहीच साधत नाही.

दमट हवेत हा त्रास का नसतो, याचे उत्तर पृष्ठभागावरच्या ओलाव्यात आहे. हवेत पुरेशी वाफ असली की वस्तूंवर पाण्याचा अदृश्य, अतिशय पातळ थर बसतो आणि त्यावरून भार हळूहळू सरकून निघून जातो. बाजारातली बहुतेक अँटिस्टॅटिक रसायनेही हेच करतात, आणि हे मी कारखान्यात शिकले. पॉलिथिनच्या फिल्ममध्ये ग्लिसरॉल मोनोस्टिअरेटसारखा पदार्थ मिसळतात. तो काही दिवसांत आतून पृष्ठभागावर येतो आणि हवेतला ओलावा धरून ठेवतो. त्याचे काम हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असल्यामुळे हवा फार कोरडी झाली की नेमक्या गरजेच्या वेळी तो दुबळा पडतो. फिल्मच्या बाबतीत हा थर चिकट असला तरी बिघडत नाही, कारण तिच्यावरून कोणी हिऱ्याची सुई फिरवणार नसते. रेकॉर्डच्या खाचेत असा थर बसला तर तो धूळ पकडतो, आणि पकडलेली धूळ हवेतून येऊन बसलेल्या धुळीपेक्षा काढायला कितीतरी अवघड असते.

हे मी घरातच पाहिले आहे. बाबांनी १९८०च्या दशकात एका दुकानातून रेकॉर्डवर मारायचा एक फवारा आणला होता. मारल्यावर रेकॉर्ड आरशासारखी चमकायची, बोट फिरवले तर गुळगुळीत लागायची आणि स्टॅटिकचे नाव राहत नसे. बाबांनी आपल्या सर्वांत आवडत्या चाळीसेक रेकॉर्डींवर तो मोठ्या प्रेमाने, नियमाने मारला. त्या काळी असे अनेक फवारे सिलिकॉनचे असत. मी काही वर्षांपूर्वी त्यांतली एक रेकॉर्ड लावली, तर तिसऱ्या मिनिटाला आवाज गोधडीआडून आल्यासारखा झाला आणि तंबोरा पार हरवला. सुई उचलून भिंगाखाली धरली तेव्हा टोकाशी करड्या रंगाचा एक मऊ गोळा लोंबत होता. तो ब्रशने काढला, पुन्हा लावली, पुन्हा तेवढाच गोळा जमला. छपाईतले ठिपके तपासायचे माझे दहापट भिंग मी त्या रेकॉर्डवर धरले, तेव्हा शेजारच्या न फवारलेल्या रेकॉर्डच्या खाचा रेशमाच्या धाग्यांसारख्या सुट्या दिसत होत्या आणि हिच्या खाचांवर मात्र साय आल्यासारखे दिसत होते. बाबांनी सर्वांत जास्त जपलेल्या रेकॉर्डीच सर्वांत मलिन झाल्या होत्या, याचे मला आजही वाईट वाटते.

असाच दुसरा सल्ला कपड्यांच्या फॅब्रिक कंडिशनरचा असतो. त्यातले चतुर्थक अमोनियम क्षार स्टॅटिक घालवतात यात शंका नाही, त्यासाठीच ते टेरिकॉटच्या कपड्यांवर वापरतात. परंतु त्यांच्यासोबत मेणचट आणि सुगंधी पदार्थही येतात, आणि ते खाचेत राहतात. भांड्यांच्या साबणाचे काही थेंब हा उपाय त्यामानाने सौम्य आहे, पण त्यातही रंग, सुवास आणि हातांसाठी घातलेले मुलायम करणारे पदार्थ असतात. फर्निचरचे पॉलिश, गंज सोडवणारे तेल, खोबरेल यांच्याविषयी लिहिण्याची गरज पडू नये. रेकॉर्ड ओली ठेवूनच वाजवण्याची पद्धत १९७०च्या दशकात युरोपात बरीच चालत असे. तिने तडतड खरोखर दबते, पण द्रव वाळला की खाचेतला सगळा मळ तळाशी घट्ट बसतो आणि पुढे ती रेकॉर्ड कोरडी वाजवली तर पूर्वीपेक्षा अधिक तडतडते.

आता झिजेविषयी. टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावर, सुईचा भार जेमतेम दीड ते दोन ग्रॅम असतो आणि तो ऐकून कुणालाही वाटेल की एवढ्याशा वजनाने काय होणार. पण हा भार ज्या दोन टिंबांवर पडतो त्यांचे क्षेत्रफळ इतके सूक्ष्म असते की तिथला दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला टनांमध्ये मोजावा लागतो. स्वच्छ खाचेतून चांगली सुई गेली तर प्लास्टिक किंचित दबून पूर्ववत होते, आणि त्यातून होणारी झीज फार मंद असते. त्या दाबाखाली वाळूचा एक कण सापडला तर गोष्ट वेगळी होते. बांधकामाच्या धुळीत क्वार्ट्झ असतो, तो पोलादी चाकूच्या पात्यापेक्षाही कठीण, मग पीव्हीसीची काय कथा. तो कण भिंतीत रुतून जो खड्डा पाडतो तो कायमचा, आणि पुढे प्रत्येक वेळी त्याच जागी टक्क असा आवाज येत राहतो. धुतल्यावर जाणारी तडतड धुळीची आणि धुतल्यावरही ठरलेल्या जागी राहणारी टक्टक् झिजेची, एवढी ओळख कानाला सहज होते.

झिजेचे दुसरे कारण सुई स्वतःच असते. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते असे मानतात. त्यानंतर तिच्या गोल टोकाला दोन बाजूंनी सपाट पैलू पडतात आणि त्या पैलूंच्या कडा पटाशीसारखे काम करतात. आपल्याकडे सुई चालते आहे तोवर बदलायची नाही अशी सवय आहे, आणि बाबांचीही तीच होती. एका सुईची किंमत वाचवण्याच्या नादात दहा रेकॉर्डींचे वरचे स्वर कापले जातात, आणि गेलेला स्वर कुठल्याही द्रवाने परत येत नाही. सुईचा भार कमी ठेवला की झीज कमी होईल हाही एक गैरसमज आहे. भार फार हलका असेल तर तानेच्या किंवा झांजेच्या जागी सुई भिंतीचा हात सोडून उड्या मारते, आणि त्या आदळण्याने होणारे नुकसान थोड्या जास्त भारापेक्षा पुष्कळ मोठे असते. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई ज्यात बसवलेली असते त्या भागाच्या, निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत, मध्याच्या किंचित वर भार ठेवावा. मी तो दागिने तोलायच्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजते. आवाज फाटणे नेहमी लेबलजवळ आधी जाणवते त्याचेही कारण आहे. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाला जेमतेम २०. तेवढाच स्वर अर्ध्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला असतो, म्हणून तिथे मळ आणि झीज लगेच ऐकू येतात.

धुण्याची माझी पद्धत आता चांगली बसली आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. एक लिटर डिस्टिल्ड पाणी घ्यावे. नळाचे किंवा घरच्या फिल्टरचे पाणी घेऊ नये, कारण त्यातले क्षार वाळल्यावर खाचेतच राहतात. त्यात छायाचित्रे धुण्यासाठी मिळणारा वेटिंग एजंट, म्हणजे फोटो-फ्लो किंवा इल्फोटॉलसारखा, पाच मिलिलिटरच्या आसपास पुरतो. पाणी पीव्हीसीवर मोत्यांसारखे गोळा होऊन राहते. हा पदार्थ त्याचा पृष्ठताण कमी करतो आणि ते खाचेच्या तळापर्यंत पसरते. तेलकट बोटांचे ठसे असतील तर दहा टक्क्यांच्या आसपास आयसोप्रोपिल अल्कोहोल घालावे. लेबलवर प्लास्टिकच्या डब्याचे झाकण दाबून धरते, म्हणजे कागद भिजत नाही. मऊ केसांच्या रुंद ब्रशने खाचांच्या दिशेने, गोल, दोन्ही दिशांना दहा-बारा फेऱ्या मारते, आणि मग निव्वळ डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून घेते. हे खळबळणे कुणीही चुकवू नये. धुण्याचे द्रव्य कितीही चांगले असले तरी ते आत राहिले तर त्याचाच थर होतो. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या संस्था आपल्या संग्रहासाठी टर्जिटॉल नावाचे, अतिशय पातळ केलेले, विद्युतभार नसलेले द्रव्य वापरतात आणि त्यांचाही भर शुद्ध पाण्याने धुऊन काढण्यावर असतो.

वाळवायला मी आईचे जुने स्टीलचे ताटाळे वापरते. त्याच्या दांड्यांना सुती नाडी गुंडाळली आहे, त्यामुळे रेकॉर्ड केवळ कडेवर उभी राहते आणि वाजणाऱ्या भागाला कुठेही धातू लागत नाही. एका वेळी आठ रेकॉर्डी मावतात. खिडकी बंद, पंखा बंद, वर धुतलेला मलमलीचा पंचा. पंख्याखाली वाळवले तर ओल्या खाचांत खोलीतली धूळ येऊन बसते. ऑक्टोबरमध्ये दोन तास लागतात, पावसाळ्यात अर्धा दिवस. पाणी शोषून घेणारी यंत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी एक काळजी घ्यावी: पाणी गेल्यावरही नळी रेकॉर्डवर फिरत राहिली तर कोरड्या घर्षणाने नवा भार चढतो, म्हणून एक-दोन फेऱ्यांत थांबावे.

धुतलेली रेकॉर्ड पुन्हा जुन्या कागदी पाकिटात घालू नये. त्या पाकिटात ४० वर्षांची धूळ आणि कागदाचा भुगा असतो, आणि कागद भारही निर्माण करतो. पातळ, दुधी रंगाच्या पॉलिथिनची आतली पाकिटे यासाठी उत्तम. बाहेरच्या पाकिटांच्या बाबतीत मात्र एक चूक मी केली आहे. शाळेच्या पुस्तकांना घालतात ते जाड, चकचकीत, उग्र वासाचे कव्हर कापून मी बाहेरची पाकिटे शिवून घेतली होती. तो मऊ केलेला पीव्हीसी होता. त्यातला मऊपणा आणणारा तेलकट पदार्थ उन्हाळ्याच्या उष्म्यात बाहेर येतो आणि आतल्या पाकिटाला न जुमानता रेकॉर्डपर्यंत पोहोचतो. तीन रेकॉर्डींवर धुक्यासारखा डाग पडला, तो धुऊन गेला नाही आणि त्या जागी आता सतत फुसफुस ऐकू येते.

रोज वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश पुरतो. त्याचे केस वीज वाहून नेतात, म्हणून तो धातूच्या भागाला बोट लागेल असा धरावा, म्हणजे भार शरीरातून निघून जातो. दाब देऊ नये, केसांची टोके नुसती खाचेत टेकली पाहिजेत. थंडीत तेवढ्याने भागत नसेल तर झीरोस्टॅटसारखी पिस्तुलाच्या आकाराची साधने मिळतात. आत गॅस पेटवायच्या लायटरमध्ये असतो तसा दाबाने वीज निर्माण करणारा स्फटिक असतो. घोडा हळू दाबताना धन आयन आणि हळू सोडताना ऋण आयन बाहेर पडतात, आणि रेकॉर्डवरचा भार त्यांनी शमतो. आमच्या कारखान्यातले आयनायझर बार याच तत्त्वावर चालत. या उपायाचा मोठा गुण असा की रेकॉर्डवर काहीच मागे उरत नाही. घाईने दाबला तर मात्र ठिणगी उडते आणि उपयोग होत नाही. फेल्टच्या जागी चामड्याची किंवा कॉर्कची मॅट बसवली, आणि एसीच्या खोलीत खुर्चीवर एक ओला पिळलेला टॉवेल टाकून आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर आणली, तर माझ्या घरात पिस्तूल महिन्यातून एकदाही काढावे लागत नाही. आर्द्रता त्याहून फार वाढवू नये. ठाण्यातल्या जुलैत कव्हरांना बुरशी धरते, आणि बुरशीचे तंतू खाचेत शिरले तर ते स्टॅटिकपेक्षा कितीतरी चिवट ठरतात.

एवढे सगळे झाल्यावरही कुणाला रेकॉर्डवर संरक्षक द्रव लावायचाच असेल, तर मी त्याला विरोध करणार नाही. लास्ट नावाचे अमेरिकन द्रव्य अनेक वर्षांपासून विकले जाते. ते सिलिकॉनच्या फवाऱ्यासारखे चिकट राहत नाही आणि त्याने झीज कमी होते असे त्याचे निर्माते सांगतात. मी ते दोन रेकॉर्डींवर लावले. आवाजात बिघाड झाला नाही, सुईवर गोळा जमला नाही, आणि झीज किती वाचली हे सांगायला अजून बरीच वर्षे जावी लागतील. पण असे द्रव पूर्ण स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या रेकॉर्डवरच लावायचे असते. मळक्या रेकॉर्डवर लावले तर मळालाच संरक्षण मिळते. आणि ज्या रेकॉर्डची दुसरी प्रत कुठेही मिळणार नाही तिच्यावर काहीही लावू नये, हे मी स्वतःपुरते ठरवून टाकले आहे.

शेवटी ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांविषयी, कारण आपल्याकडे त्या अजून अनेक घरांत माळ्यावर आहेत. भारतात त्या १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होत्या. त्या लाखेच्या, दगडाची भुकटी घालून केलेल्या असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून वर सांगितलेले अल्कोहोलचे पाणी त्यांना एक थेंबही लागता कामा नये. केवळ वेटिंग एजंट घातलेल्या पाण्याने झटपट धुऊन लगेच टिपून घ्यावे. चीर गेलेली तबकडी भिजवूच नये, कारण पाणी चिरेतून आत जाते. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा पुष्कळ रुंद असते, म्हणून एलपीची सुई तिच्या तळातल्या मळात लोळत जाते आणि दोघींचेही नुकसान होते. त्यांच्यासाठी सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची वेगळी सुई लागते.

बाबांच्या फवारलेल्या चाळीस रेकॉर्डींपैकी २३ धुऊन झाल्या आहेत. सिलिकॉन एका धुण्यात जात नाही, काहींना चार वेळा धुवावे लागले. कुमार गंधर्वांची ती एलपी परवा ताटाळ्यातून काढली, पॉलिथिनच्या नव्या पाकिटात घालून पुन्हा बाहेर ओढली, आणि लव उभी राहिली नाही. पहिल्या बाजूला लेबलजवळ दोन ठिकाणी टक्क असे वाजते, ते खड्डे आहेत आणि राहतील. बाकीच्या वीस मिनिटांत तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात.